टर्नटेबलची परीक्षा भूपात

पहिलं टर्नटेबल घ्यायला निघालेल्याने काखेत कुठली रेकॉर्ड न्यावी? माझं उत्तर ठरलेलं आहे: किशोरी आमोणकरांची एचएमव्हीची एलपी, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. यंत्राचं पितळ भूप जितक्या सहज उघडं पाडतो, तितकं माहितीपत्रकातले आकडे पाडत नाहीत.

आधी फक्त तंबोरा ऐकावा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. त्या गतीतला किंचित चढउतार ढोलताशाच्या गजरात खपून जाईल, अखंड षड्जात खपत नाही. त्यावर किशोरीताई गंधारावर येऊन ठेपतात. भूपात मध्यम नाही, त्यामुळे पंचमावरून गंधारावर उतरताना मधली मोकळी जागा मींडेनेच ओलांडायची. मोटर डळमळीत असेल तर मींड कुठे संपली आणि यंत्राचं हेलकावणं कुठे सुरू झालं, हेच कळेनासं होतं. (रेकॉर्डचं भोकच मध्यापासून सरकलेलं असेल, तर मात्र यंत्राला बोल लावू नये.) पट्ट्यावर फिरणारं चांगलं की टेक्निक्सने १९७०मध्ये आणलं तसं थेट मोटरवर फिरणारं, या वादात मी पडत नाही. गंधार हलता कामा नये, एवढंच.

खरी गोम बाजूच्या शेवटी आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते; लेबलाजवळ जेमतेम वीस-बावीस. म्हणजे तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आणि आपला ख्याल नेमका उलटा वाढतो! विलंबिताला ऐसपैस अंगण मिळतं, आणि ‘सहेला रे’ या भूपातल्या द्रुत बंदिशीच्या ताना सगळ्यात अडचणीच्या जागी येतात. सुईची जुळणी चुकली असेल तर तारसप्तकातला आकार तिथे फाटतो, ‘स’ चरचरतो, आणि बिचाऱ्या रेकॉर्डला झिजलेली ठरवलं जातं.

म्हणून निवडताना एकच हट्ट धरावा: टोनआर्मवरचं (सुईच्या दांड्यावरचं) वजन कमीजास्त करता यावं आणि सुई बसवलेलं कार्ट्रिज बदलता यावं. सुटकेसमधल्या गोंडस प्लेअरवर सहसा यातलं काहीच जमत नाही. घरी पाणसळ लावून टर्नटेबल समतल करावं. सुईचा भार कंपनीने सांगितलेलाच ठेवावा, बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम. रेकॉर्डची दया येऊन भार कमी ठेवणारे तिचं नुकसानच करतात, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते. मग कार्ट्रिजचा कोन. मूळ रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, आपला टोनआर्म मात्र कमानीत फिरतो. त्यामुळे कोन अगदी बरोबर असा दोनच ठिकाणी जुळतो. ती दोन ठिकाणं प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या मापपट्टीवर, छापलेली असतात. हे काम किचकट आहे, पण तानांचा निकाल इथेच लागतो. फोनो प्रीअँप विसरू नये. रेकॉर्ड कापताना मुद्दाम घटवलेला खर्ज तोच परत देतो, त्याच्याविना तंबोरा पत्र्यासारखा वाजतो.

जुळणी साधली की तानेतले स्वर सुटे, टपोरे ऐकू येतात. तरीही शेवटच्या अर्ध्या इंचात थोडी चरचर उरलीच, तर गोल टोकाची सुई काढून लंबगोल टोकाची बसवावी. पैसे खर्चायचेच तर तिथे, चकचकीत लाकडी चौकटीवर नव्हे.