चहादाणीचा शिल्पी : गू जिंगझौ

कुंभार म्हटला की चाक, असा आपला ठाम समज असतो. चीनमधील जिआंगसू प्रांतातल्या यीशिंग येथील चहादाणीचे कारागीर हा समज पार उलटून टाकतात. तेथील खाणींतून निघणारा लोहयुक्त मातीचा दगड उन्हापावसात मुरवून, कुटून, चाळून जी माती सिद्ध होते तिला 'जांभळी वाळू' म्हणतात. तिचा गोळा लाकडी थापटण्याने ठोकून पट्टी करावयाची, पट्टी वाटोळी जोडून नळकांडे बनवावयाचे, आणि मग एका हाताची बोटे आत घालून दुसऱ्या हाताने बाहेरून हलके हलके थापटीत त्यास पोट आणावयाचे. वर झिलई नाही. तेव्हा चूक झाकण्यास जागाही नाही. या विद्येतील विसाव्या शतकाचे अग्रणी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते गू जिंगझौ (१९१५–१९९६).

गूंना ही विद्या घरीच, आजीकडून मिळाली. पुढे १९३० नंतरच्या दशकात ते शांघायला गेले व तेथे जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे राहिले. काम कोणते? तर शी दाबिन, चेन मिंगयुआन अशा मिंग व चिंग काळांतील नामांकितांच्या चहादाण्यांच्या नकला करण्याचे! या प्रकरणावर पांघरूण घालण्याचा मोह भक्तांस होतो. तो आम्हांस मान्य नाही. जुनी म्हणून खपविण्याकरिता केलेली नक्कल ही फसवणूकच होय. करविणाऱ्याची अधिक, करणाऱ्याची कमी, एवढाच काय तो भेद. परंतु एवढे बोलून टीकाकाराचे काम संपत नाही. पूर्वसूरींचा हात ओळखावयाचा तर तो आपल्या हातात उतरवावा लागतो. तोटी अंगातून कोठे फुटते, कान कोठे वळतो, झाकणाची कड किती जाड ठेवावी, हे गूंनी पुस्तकांतून नव्हे, तर या परक्या नावांच्या दास्यातून शिकून घेतले.

शिकून त्यांनी काय केले, याचे उत्तर १९४८ सालच्या 'शीप्याओ' चहादाण्यांत सापडते. हा घाटही त्यांचा नव्हे. तो चेन मानशेंग या चिंगकालीन विद्वानाच्या नावाशी निगडित आहे. बूड रुंद, अंग वर निमुळते, तोटी आखूड व सरळ, कान त्रिकोणी, खाली तीन इवलेसे पाय. जुन्या नमुन्यांत जो एक भारदस्त राकटपणा आहे, तो गूंनी काढून टाकला आणि प्रत्येक रेषा ताणून घेतली. कानाच्या आतील पोकळीकडे पाहावे : ती रिकामी जागासुद्धा घडविलेली वाटते. वू हूफान या प्रख्यात चित्रकाराने यांवर बांबू रेखाटला. तरी आमची दृष्टी चित्रावरून घसरून पुन्हा घाटावरच येते.

१९५० नंतर यीशिंगचे कारागीर सहकारी संस्थेत एकत्र आले. तेथे गूंनी शिष्य तयार केले. शू हानतांग हे त्यांपैकीच. त्याच दशकात गाओ झुआंग या कलाशिक्षकांनी योजिलेली, वरून कमानदार कडी असलेली चहादाणी गूंनी सिद्ध केली. तिचे सपाट झाकण प्राचीन जेड-चक्राची आठवण देते. आमच्या मते त्यांची खरी कसोटी येथे आहे. कारण अशी कडी केसभर उंच झाली तरी अंग खुजे दिसते.

उणे काढावयाचे तर एक काढता येईल. फळे, फुले, झाडाचे खोड यांची रूपे घेणारी जी यीशिंगची दुसरी परंपरा, तिच्यातील खेळकरपणा गूंच्या वाट्यास फारसा आला नाही. त्यांची चहादाणी हसत नाही. ज्यांस कलेत थोडा खट्याळपणा हवा असतो, त्यांनी अन्यत्र जावे.

चहा पातेल्यात उकळून, दूधसाखर घालून पिणाऱ्या आम्हांस याची मातब्बरी काय, असे कोणी विचारील. यीशिंगची बिनझिलईची चहादाणी वापराने तुकतुकीत होते. चहाच तिचे पॉलिश. आणि १९४८ च्या त्या चहादाण्यांपैकी एक २०१० साली बेजिंगच्या लिलावात एक कोटी वीस लक्ष युआनांहून अधिक किमतीस गेली! इतक्या मोलाच्या भांड्यात कढत पाणी ओतण्यास कोणाचा हात धजेल? मौज अशी की, आता नकली मुद्रा उमटतात त्या गू जिंगझौ यांच्याच नावाच्या, आणि त्या उमटविणाऱ्यांत शांघायच्या त्या तरुणाइतका सधलेला हात क्वचितच असतो.