गांधींचं अर्धं अवतरण आणि बंदुकीचा हक्क

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने प्रश्न विचारला होता. वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. त्याचं म्हणणं असं : "इंग्रजांनी देशाची शस्त्रं काढून घेतली हे त्यांचं सर्वांत काळं कृत्य, असं खुद्द गांधीजींनी लिहून ठेवलंय. मग स्वतंत्र देशात साध्या नागरिकाला बंदुकीसाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्या लागतात?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

पहिली गोष्ट, हे अवतरण खोटं नाही. गांधींच्या नावावर वाटेल ते खपवलं जातं, तसं हे नव्हे. 'सत्याचे प्रयोग'च्या पाचव्या भागात, सैन्यभरतीच्या प्रकरणात ते आहे. अमेरिकेतले बंदूक-हक्काचे पुरस्कर्ते ते मोठ्या आवडीने वापरतात, आणि अलीकडे आपल्याकडचेही. गंमत म्हणजे गांधीवादी मंडळी ते टाळतात, त्यांना ते अडचणीचं वाटतं. एकाने कापून वापरायचं, दुसऱ्याने लपवायचं. पूर्ण वाचायचं कुणीच नाही. आपण वाचू.

काळ १९१८चा. पहिलं महायुद्ध चालू आहे. व्हाइसरॉयने दिल्लीत युद्धपरिषद बोलावली, गांधींनी भरतीला पाठिंबा दिला आणि ते खेडा जिल्ह्यात माणसं गोळा करायला निघाले. त्याच जिल्ह्यात नुकताच सारावसुलीविरुद्धचा सत्याग्रह झालेला. तेव्हा लोक फुकट गाड्या देत होते. आता भाड्यानेही गाडी मिळेना. अहिंसा सांगणारा माणूस बंदूक धरायला सांगतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? या मोहिमेसाठी गांधींनी एक पत्रक काढलं, आणि ते प्रसिद्ध वाक्य त्या पत्रकातलं आहे. इंग्रज कमिशनरला ते खटकलं, हेही गांधी नमूद करतात.

आता त्या वाक्याच्या पुढे काय आहे? पत्रक म्हणतं, हा कायदा रद्द व्हावा असं वाटत असेल, हत्यार चालवायला शिकायचं असेल, तर ही संधी आहे. मध्यमवर्गाने सरकारला अडचणीच्या वेळी आपणहून मदत केली, तर अविश्वास दूर होईल आणि शस्त्रबंदी उठेल. म्हणजे हे भरतीचं पत्रक आहे! प्रत्येकाने घरात, उशाखाली पिस्तूल ठेवावं असं त्यात कुठेही नाही. तक्रार 'अख्ख्या राष्ट्राला' निःशस्त्र केल्याची आहे, आणि उपाय सांगितलाय तो सैन्यात जाण्याचा. एकट्या माणसाचा शेजाऱ्याविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध बंदूक बाळगण्याचा हक्क हा तिथे विषयच नाही.

बरं, तो कायदा तरी काय होता? लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला १८७८चा शस्त्र कायदा. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे लक्षात घ्या. शस्त्र कायद्यात परवान्याची सक्ती होती ती हिंदी माणसाला. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना सूट होती. खरी आग इथे आहे. लोक चिडले ते केवळ परवाना घ्यावा लागतो म्हणून नाही, तर तो कातडीचा रंग बघून घ्यावा लागतो म्हणून. काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला, त्यामागे हा अपमान होता.

अर्धं वाक्य वाचण्याची ही खोड आपल्यापुरती नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची, एका वाक्याची. त्याच्या पहिल्या भागात सुव्यवस्थित नागरी सेनेची गरज सांगितली आहे आणि दुसऱ्या भागात शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क. २००८ साली हेलर खटल्यात तिथलं सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार असं विभागलं. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या बहुमताने पहिल्या भागाला प्रस्तावना मानलं आणि दुसऱ्यातून व्यक्तीचा हक्क काढला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी निकालपत्रात पहिल्या भागाचं वजन पुन्हा दाखवून दिलं. एका वाक्याचा कुठला अर्धा भाग मोठ्याने वाचायचा, यावर एका देशाचा कायदा ठरला. त्या वादाची चौकट आहे 'व्यक्ती विरुद्ध सरकार'. गांधींचं वाक्य तिथे गेलं, त्या चौकटीत बसवलं गेलं, आणि चौकटीसकट आपल्याकडे परत आलं.

पण आपल्याकडे हा वाद आधीच, आणि जास्त नीट, झालेला आहे. १९३१च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. अर्थात नियमांच्या अधीन राहून. त्याचा दाखला देत डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. मागणी हास्यास्पद नव्हती. स्वातंत्र्यलढ्याने दिलेलं वचन होतं ते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं. इंग्रजी अमलात त्या मागणीला अर्थ होता हे त्यांनी मान्य केलं. पण कुणीही बाजारात जाऊन हत्यारं विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. आणि पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा : शस्त्राच्या बाबतीत आग्रह धरायचा तो हक्काचा नव्हे, कर्तव्याचा, देशावर संकट आलं तर नागरिकाला शस्त्र धरायला बोलावता आलं पाहिजे. दुरुस्ती फेटाळली गेली. जरा थांबून बघा, हा मुद्दा १९१८च्या त्या पत्रकापासून फार लांब नाही. गांधी आणि आंबेडकर एका बाजूला उभे दिसावेत असे प्रसंग थोडे. त्यातला हा एक.

आता त्या तरुणाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्याची तक्रार पोकळ नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याने जुना कायदा गेला, पण परवाना देणाऱ्याची मर्जी राहिलीच. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असं कलम १४ म्हणतं. असं कायद्यात लिहावं लागलं, यातच काय ते आलं! कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करतो. आणि कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणारा पुढारी आपण सगळ्यांनीच पाहिलाय. गुन्हेगाराला तर परवाना लागतच नाही, त्याच्याकडे गावठी कट्टा असतो. मग कायदा अडवतो कुणाला? हा प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर मला एका कमी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात सापडतं. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९९५ साली जे नियम झाले, त्यातला तिसरा नियम. ज्या भागात अत्याचाराची भीती आहे तिथे, गरज वाटल्यास, राज्य सरकारने या समाजांबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, शस्त्रं सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रं जप्त करावीत. आणि दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने द्यावेत. बंदूक चांगली की वाईट, या वादात हा नियम पडतच नाही. तो विचारतो : या गावात बंदूक कुणाकडे आहे, आणि ती कुणावर रोखलेली आहे?

या नियमावर टीका जरूर करावी. 'गरज वाटल्यास' हे शब्द शेवटी अधिकाऱ्याच्या हातात आहेत. शिवाय पीडिताला बंदूक देणं म्हणजे पोलिसांचं काम त्याच्या खांद्यावर टाकणं नव्हे का? हा आक्षेप मला स्वतःला पटतो. पण आता कल्पना करा, की कामतांची दुरुस्ती मंजूर झाली असती. मग शस्त्र जमा करायला निघालेल्या सरकारला सगळ्यात आधी अडवलं असतं कुणी? ज्याच्या वाड्यात दोन बंदुका आधीच आहेत त्याने, आणि तेही मूलभूत हक्काचा हवाला देऊन. वस्तीतल्या माणसाला कागदावर हक्क मिळाला असता. बंदूक विकत घ्यायला पैसे नसतेच.

तेव्हा त्या मित्राला माझं उत्तर असं. परवान्यातली मर्जी आणि भ्रष्टाचार यांच्याशी भांडायचं असेल, तर जरूर भांड, मी तुझ्या बाजूने आहे. पण त्यासाठी गांधींना साक्षीला बोलावू नकोस. त्यांची तक्रार होती ती एका समाजाकडे बंदूक आणि दुसऱ्याकडे नाही, अशी व्यवस्था कायद्यानेच करण्याबद्दल. ती तक्रार आज कुठे लागू पडते, ते आपापल्या गावात जाऊन बघू या.