बाहुलीचा अभिनय
कळसूत्री बाहुल्यांचे शिक्षणवर्ग हल्ली ठिकठिकाणी भरतात, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु त्यांत बाहुली करावयास जितके शिकवितात तितके तिला चालवावयास शिकवीत नाहीत, अशी आमची तक्रार आहे. कागदाच्या लगद्याचे डोके, चिंध्यांचा अंगरखा, रंगरंगोटी यांतच बहुतेक दिवस सरतात आणि दोऱ्या हाती येतात त्या अखेरच्या संध्याकाळी. मग दोरी जरा अधिक ओढली गेली की पावले भुईपासून सुटतात आणि वनवासास निघालेला राम तरंगू लागतो! बाहुलीचे वजन तिच्या पावलांत दिसले पाहिजे. बोलणारीने हलावे, ऐकणारीने स्थिर राहावे. मुखावरील भाव बदलत नसल्यामुळे सारा अभिनय मानेच्या कलातून आणि थांबण्यातून साधावा लागतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर मंडळींची ही कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने देवळांतून वाढली; तेथे घरातले मूल कथा, गायन व वाद्ये यांच्या संगतीतच दोरीपर्यंत पोहोचते. २०२१ साली परशुराम गंगावणे यांस पद्मश्री लाभली, तो या घरगुती विद्येचाच गौरव होय. वर्गांना तितका अवधी नसतो, हे आम्हांस मान्य. पण निदान निम्मे दिवस तयार बाहुली हाती देऊन तिला नुसते चालवावयास शिकवावे. रंगकाम मागाहून घरीही होईल.