वरळीची चाळ आणि कापडाचे लेबल

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यास एखाद्या काल्पनिक वस्त्र-कंपनीचे बोधचिन्ह, लेबल, पिशवी आणि भित्तिपत्रक असा सारा संच करावयास देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. मुंबईत या शिक्षणाची परंपरा जुनी, सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. अलीकडे अशा संचांना 'मुंबईपण' आणण्यासाठी गिरणगावाकडे, त्यातही वरळीच्या बीडीडी चाळींकडे धाव घेण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत टिपणात तिचाच विचार करावयाचा आहे.

चित्र बहुधा ठरलेले असते. लाकडी कठड्याची लांब गॅलरी, तीवर वाळत घातलेले सदरे, खाली पत्र्याची बालदी, आणि वर वळणदार देवनागरीत कंपनीचे नाव. रेखाटन नीटस असते, परंतु ते बीडीडी चाळीचे नसते. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर उभारलेल्या या इमारती काँक्रीटच्या होत. मधोमध बंदिस्त वाट, तिच्या दोन्ही अंगांस खोल्या. मजल्यावर वीस, तळमजला धरून चार मजल्यांत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. गॅलरी ही गिरगावची. येथे कपडे वाळतात ते खिडकीबाहेर. हा तपशील क्षुल्लक नव्हे. गॅलरीतला शेजार अंगणातून दिसतो, म्हणून त्याचा देखावा होऊ शकतो. बीडीडीतला शेजार समोरच्या दारात असतो. वाटेत उभे राहिल्यावाचून तो दिसतच नाही. हे ज्याला चित्रात आणता येईल त्याच्या लेबलास स्वतःचे रूप लाभेल. विद्यार्थी मात्र नाटक-सिनेमांतली चाळ उचलतो आणि तिला वरळीचा पत्ता देतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, जाहिरात म्हणजे काही दस्तऐवज नव्हे. आक्षेप रास्त आहे. मँचेस्टरहून येणाऱ्या आणि पुढे आपल्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडावर रंगीत शिळाछापाची जी लेबले चिकटविलेली असत, त्यांवर देवदेवता, वाघ, हत्ती, नर्तकी असे काहीही असे. त्या वाघाचा मागाशी काडीचाही संबंध नव्हता! परंतु तसा दावाही कोणी करीत नसे. अक्षर न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाने दुकानात तोच माल पुन्हा ओळखून मागावा, एवढेच त्या चित्राचे काम होते, आणि ते काम ते चोख करी. शिवाय १८८९ च्या कायद्याने येथे विणलेल्या ताग्यावर त्याची लांबी छापणे बंधनकारक केले होते. म्हणजे चित्र कल्पनेचे असले तरी माप खरे असे. विद्यार्थ्याचे लेबल याच्या उलट वागते. ते चाळीचे चित्र केवळ खूण म्हणून वापरीत नाही; हा सदरा या वस्तीच्या मातीतला आहे, असे ते सुचविते. जो दावा करतो त्याला पुरावा मागावाच लागतो.

आणि ही वस्ती म्हणजे केवळ रंगसंगती नव्हे. कापड विणणारी कितीतरी माणसे या खोल्यांत राहिली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील अनेकांचे काम कायमचे गेले. १९७४ च्या जानेवारीतील वरळीची दंगल याच चाळींतून पेटली. आता पुनर्विकासात जुन्या इमारती पाडल्या जात असून, १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० फुटांत दिवस काढलेल्यास या बदलाचे मोल काय, हे सांगावयास नको. ज्या अडचणीतून रहिवासी सुटू पाहतात, तिचीच हुरहूर महागड्या सदऱ्यावर छापून विकणे हे, सौम्य शब्दांत सांगावयाचे तर, अरसिकपणाचे आहे.

अक्षरांविषयी थोडे. रोमन अक्षरांचे तुकडे जोडून शिरोरेषा ओढली म्हणजे देवनागरी होत नाही. र. कृ. जोशी यांच्यासारखा सुलेखनकार याच शहरात वावरला. त्यांचे काम विद्यार्थ्यांनी निदान समोर ठेवून बसावे.

पुढील वर्षी हाच विषय द्यावयाचा असेल तर चित्राच्या आधी लेबलाच्या मागील बाजूचा मजकूर मागावा: कापड कोठे विणले, सदरा कोठे शिवला, शिवणाऱ्यास किती मजुरी मिळाली. सध्याच्या बहुतेक संचांत ती बाजू कोरी असते. धुण्याच्या सूचनादेखील तेथे नसतात.