‘माझी नोंद’ कोरी का राहिली?

पाठ्यपुस्तकांवर आपल्याकडे चर्चा होत नाही असे नाही. पण ती बहुधा एखाद्या धड्यावरून पेटलेल्या वादापुरतीच असते. कोणाचे नाव गाळले, कोणाचे चित्र चुकले, कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून लादली, यावर मोर्चे निघतात, अग्रलेख लिहिले जातात. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र असाच ढवळून निघाला आणि २९ जूनला शासनाने आपले निर्णय मागे घेतले. ही जागरूकता वाईट नव्हे. पण सहावी ते आठवीचे मूल एका सत्रात सगळ्या विषयांतून मिळून काय शिकते, हा प्रश्न या धामधुमीत माझ्या कानी आला नाही. भूगोल भूगोलाच्या शिक्षकाकडे, गणित गणिताच्या शिक्षकाकडे. मुलाच्या डोक्यात या सगळ्याचे मिळून काय होते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न नोकरीतून आला. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘तुमच्या वस्तीविषयी दहा ओळी लिहा’ म्हटले की निम्म्या वह्यांत ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे’ हे वाक्य उतरते. यांतली कित्येक मुले बुटीबोरीची, म्हणजे माझ्याच गावची. वर्धा रोडला लागून आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक म्हणून मिरवली जाणारी आमची एमआयडीसी. रात्रपाळीचे भोंगे, ठेकेदाराच्या गाड्या, एका खोलीत सहा-सहा परप्रांतीय मजूर. यात निसर्गरम्य काय आहे? मुले खोटे लिहीत नाहीत. निबंध म्हणजे आपण जगतो ते सोडून दुसरे काहीतरी लिहायचे असते, एवढेच ती शिकून आलेली असतात. हे त्यांना कुठे शिकवले गेले, ते शोधत मी आठवीपर्यंत मागे गेलो.

२०२४-२५ साली माझी भाची आठवीत होती. त्या वेळची पुस्तके अनेकांना आठवत असतील. २०२३-२४ पासून शासनाने पुस्तके चार भागांत काढली, सर्व विषय एका मुखपृष्ठाखाली आणले आणि धड्यांमागे वहीची कोरी पाने जोडली. पानांवर शीर्षक होते ‘माझी नोंद’. दप्तर हलके व्हावे हा हेतू. दोनच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, हा प्रयोग मागे घेतला गेला. मुले वेगळ्या वह्या आणतातच, पानांचा उपयोग होत नाही, असे कारण दिले गेले. कारण खरे होते. पण उपयोग का होत नाही, हे कोणी विचारले नाही.

त्या मे महिन्यात मी भाचीच्या पुस्तकाचे शेवटचे दोन भाग घेऊन बसलो आणि एखादा कवितासंग्रह वाचावा तसे ते सलग वाचले. छापील मजकूरही वाचला आणि तिच्या नोंदीही. बहुतेक ‘माझी नोंद’ कोऱ्या होत्या. काहींवर फळ्यावरची प्रश्नोत्तरे सुवाच्य अक्षरात उतरवलेली. चार ठिकाणी मात्र पेन्सिलीने, घाईने, कोणी पाहू नये अशा बारीक अक्षरात तिचे स्वतःचे काही होते. या लेखाचा विषय त्या चार नोंदी आहेत.

पहिली भूगोलात, ‘भूमी उपयोजन’ या पाठामागे. पाठ चांगला आहे. जमिनीचा वापर, मालकी, सातबारा उतारा, मिळकत पत्रिका यांची ओळख त्यात आहे. शहरी मध्यमवर्गाच्या अभिरुचीत वाढलेल्या जुन्या भूगोलापेक्षा हे पाऊल पुढचे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. वर्गात घरचा सातबारा पाहून यायला सांगितले होते. भाचीने लिहिले आहे: ‘आमचा सातबारा नाही.’ एवढेच. पुढे पूर्णविराम.

माझा बाप सालदार होता. विदर्भातल्या वाचकांना सालदार सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो, वर्षाच्या बोलीवर एका मालकाकडे बांधलेला शेतगडी. बारा महिने जमीन कसली, पण तलाठ्याच्या दप्तरात त्याचे नाव कधी आले नाही. वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला; तीच जमीन नांगरणाऱ्याला मिळायचा प्रश्नच नव्हता. पाठात सातबारा कसा वाचायचा हे आहे. सातबारा कोणाकडे असतो, कोणाकडे नसतो आणि का नसतो, हे नाही. ते भूगोलाचे काम नव्हे असे म्हणता येईल. मग ते इतिहासाचे काम आहे काय? त्याच इयत्तेच्या इतिहासात ‘समतेचा लढा’ हा पाठ आहे, चौदांपैकी अकरावा. शेतकरी, कामगार, स्त्रिया, दलित यांच्या चळवळी त्यात एकत्र येतात, हेही स्वागतार्ह. पण पाठ स्वातंत्र्यापूर्वीच्या काळापुरता, त्यामुळे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी केलेले सत्याग्रह त्यात बसत नाहीत. काळाची चौकट मला समजते. पण भूगोलातला सातबारा आणि इतिहासातली समता एकाच मुखपृष्ठाखाली असून एकमेकांना ओळखत नाहीत, हे समजत नाही.

दुसरी नोंद गणितातली, चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणांखाली: ‘मायच्या गटाचे व्याज कोणत्या सूत्राने?’

मी बहिणीला विचारले. ती म्हणाली, “भाऊ, दहा हजार उचलले. बारा टक्के म्हणतेत. वर्षाचे बाराशे. महिन्याला नऊशे तेहतीस भरतो.” हिशेब सरळ दिसतो आणि सातवीच्या सरळव्याजात बसतोही. पण तो बसत नाही. दहा हजार वर्षभर तिच्याकडे राहतच नाहीत. दर हप्त्यासोबत मुद्दल परत जाते. वर्षाची सरासरी काढली तर तिच्या हाती असतात सुमारे ५,४१७ रुपये. त्यांवर बाराशे व्याज म्हणजे दर बावीस टक्क्यांच्या आसपास, सांगितलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. हे समजायला सरासरी आणि शेकडेवारी पुरते, दोन्ही उच्च प्राथमिकला शिकवतात. बँकेत ठेव ठेवणाऱ्याचे गणित पुस्तकात आहे. हप्ता भरणाऱ्या बाईचे गणित भाचीच्या पेन्सिलीत आहे.

येथे जोतीराव फुल्यांची आठवण अपरिहार्य आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते नेमके सांगितले होते: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. आपण जोतीरावांना शिक्षणाचा प्रसार करणारे म्हणून हार घालतो. त्यांनी अभ्यासक्रम सांगितला होता हे विसरतो. मोडी कशासाठी? सावकाराचे आणि सरकारचे कागद मोडीत असत. हिशेब कशासाठी? त्याच कागदांवरचा आकडा पडताळण्यासाठी. निदान मी ते निवेदन असे वाचतो. त्यांच्या यादीत विषय वेगवेगळे दिसतात, पण ते शिकणारा कुणब्याचा पोर एक आहे, त्याचे कर्ज एक आहे.

तिसरी नोंद ‘उद्योग’ या पाठात आहे. उद्योग कुठे उभे राहतात हे ठरवणारे घटक: कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक, बाजारपेठ, मनुष्यबळ. ‘मनुष्यबळ’ या शब्दापुढे तिने बाण काढून लिहिले आहे, ‘बाबा’. तिचे वडील वसाहतीत ठेकेदाराकडे आहेत. मनुष्यबळाला किती मजुरी मिळावी, हे पाठात येत नाही. मागच्या वर्षी, सातवीच्या नागरिकशास्त्रात, शोषणाविरुद्धचा हक्क तिने शिकला होता. संविधानाचा २३ वा अनुच्छेद वेठबिगारी मना करतो, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले आहे. न्यायव्यवस्था हा धडा आठवीतच आहे. तेव्हा तीन पाठ, दोन इयत्ता, एक बाप.

चौथी नोंद मी येथे देणार नाही. ती तिची आहे.

आता साहित्याच्या वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त एका मांग मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुक्ताबाई. वय चौदा, फुले दांपत्याच्या शाळेतले तीन वर्षांचे शिक्षण. आजच्या आठवीचे वय. तिने ऋतू, पाऊस, आई यांवर लिहिले नाही. मांग-महारांच्या दुःखावर लिहिले. धर्म कोणाचा, जमिनी कोणी बळकावल्या, आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात त्यांची थंडीवाऱ्यात काय गत होते, हे तिने एकाच निबंधात विचारले. यात धर्मशास्त्र आले, इतिहास आला, आरोग्य आले, आणि भाषा तर आलीच. विषयांची सांगड घालायला तिला कोणत्याही परिपत्रकाची गरज पडली नाही, कारण प्रश्न तिचा स्वतःचा होता. आधुनिक मराठी दलित गद्याचा आरंभ आपण जिथून मोजतो तो मजकूर एका उच्च प्राथमिक वयाच्या मुलीने शाळेत लिहिला आहे, याचा विचार आपल्या समीक्षकांनीही पुरेसा केलेला नाही.

१९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत बुडतात. आज आमच्या वस्तीतली मुले आठवीपर्यंत टिकतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाच्या स्वतःच्या ज्ञानावर उभारणी व्हावी, त्याने भयमुक्त राहून मोकळेपणाने मत मांडावे, असेही आहे. भाचीच्या प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी मी पाहिल्या. ‘शांत बसते. सांगितलेले काम वेळेवर करते. अक्षर सुवाच्य.’ हजार तासांनंतर शाळेला तिच्याविषयी एवढेच कळले. पेन्सिलीच्या चार नोंदी कोणी वाचल्या नाहीत. तिनेही दाखवल्या नाहीत. “मामाजी, ते पेपरात येत नाही न जी,” ती म्हणाली.

दोष एकट्या गुरुजींवर टाकणे सोपे आहे. माझे काही मित्र जिल्हा परिषदेत शिकवतात. मतदार याद्या, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांतून वर्गासाठी उरते काय, हे मी जवळून पाहतो. त्यांतला एक म्हणाला, “सातबारा नसलेल्या पोराला मी काय सांगू? सांगायला लागलो तर पाटलाचा पोरगाही त्याच वर्गात बसला आहे.” हे भित्रेपणाचे उत्तर मानून मी वाद घातला. नंतर घरी येताना वाटले, वर्गात दोघेही असणे हीच तर शिकवण्याची वेळ होती. पण त्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले असते? मी राहिलो असतो काय?

आणि आपले काय? आपण शिकलेल्यांनी, पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी, आपल्या मुलांच्या वह्या कधी वाचल्या? आपण टक्के विचारले. शिकवणी लावली. दहा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेची गाडी दारात बोलावली. माय हप्ता कसा भरते हे मुलाला कळू नये यासाठी आपण झटलो, कारण आपल्याला ते फार लवकर कळले होते. मी स्वतः नववीपर्यंत बापाचा धंदा विचारला की ‘शेती’ सांगत असे. सालदार हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा उच्चारला तो प्राध्यापक झाल्यावर, आणि तोही एका आत्मकथनावर बोलताना. ‘माझी नोंद’ कोरी ठेवण्यात आपलाही हात आहे.

कोरी पाने आता पुस्तकांतून गेली. ती परत यावीत अशी माझी मागणी नाही. नुसते पान दिल्याने नोंद होत नाही हे दोन वर्षांत दिसलेच. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत रविवारी दहा-बारा मुले येतात, सहावी ते नववीची. त्यांनी सातबारा नसलेल्या घरांची यादी करायला घेतली आहे. घरमालक, माणसे, काम, हप्ता असे रकाने मी आखून दिले होते. भाचीने त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला: ‘आजोबा कोणाच्या शेतात होते.’ आतापर्यंत एकवीस घरे झाली आहेत, आणि त्या रकान्यात तीच चार-पाच नावे पुन्हापुन्हा येत आहेत.