प्रौढशिक्षणात ‘मूडल’ : मंडईच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे नगरपालिकेने नव्या मंडईवर मोठा खर्च करण्याचे योजिले, तेव्हा जोतीरावांनी त्यास विरोध करून शिक्षणावरील खर्चाचा आग्रह धरला. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून खुली झालेली तीच वास्तू आज महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. खर्च साधनावर करावा की शिकणाऱ्यावर, हा प्रश्न संगणकीय शिक्षणातही कायम आहे. त्या दृष्टीने ‘मूडल’ या मुक्तस्रोत अभ्यासक्रम व्यवस्थापन प्रणालीची उपयुक्तता येथे तपासली आहे.

प्रणालीचे स्वरूप

ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामस यांनी विकसित केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. परवानाशुल्क नसल्याने कोणतीही संस्था ती वापरू शकते, गरजेनुसार बदलू शकते. तिच्यासाठी मराठी भाषासंचही आहे. तिच्यामागे सामाजिक रचनावादाची भूमिका आहे : परस्परांसाठी काही घडवताना माणसे शिकतात. चर्चापीठ, शब्दसंग्रह व स्वाध्याय ही साधने याच विचाराशी जुळणारी आहेत.

मर्यादा

तथापि हे ‘घडवणे’ प्रामुख्याने लेखनातून होते. मंडईतील एखादी निरक्षर भाजीविक्रेती पावशेर-अर्ध्या किलोचा हिशेब तोंडी आणि अचूक करते. चर्चापीठावर मात्र ती मुकी ठरते. सदस्यनाम व सांकेतिक शब्द टंकणे हीच तिची पहिली परीक्षा होते. यावरून प्रौढांना तंत्रज्ञानाचे भय वाटते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. भाजीच्या गाळ्यावर क्यूआर कोडने पैसे स्वीकारले जातात, कारण जमा झालेली रक्कम शेजारचा ध्वनियंत्रक डबा बोलून सांगतो. उणीव शिकणाऱ्यात नसून मांडणीत आहे.

दुसरी मर्यादा मोजमापाची आहे. कोणी कोणते पान कधी उघडले, याची नोंद प्रणाली ठेवते. पान उघडणे म्हणजे शिकणे नव्हे. पण अहवालात आकडा सोयीचा असल्याने तोच प्रगती म्हणून मिरवण्याचा धोका संभवतो. तिसरी बाब खर्चाची. परवाना विनामूल्य असला तरी सर्व्हर, देखभाल व शिक्षक-प्रशिक्षण यांना पैसा लागतो आणि मोबाईलच्या डेटाचा भार शिकणाऱ्यावर पडतो.

उपयोजनाची दिशा

२०१८ नंतरच्या आवृत्त्यांत संपादकातूनच ध्वनिमुद्रण करता येते. मोबाईल ॲपवर पाठ आधी उतरवून इंटरनेटविना पाहता येतो. विक्रेतीने भावाचा हिशेब स्वतःच्या आवाजात सांगावा आणि गटाने तो ऐकून अंकांत मांडावा, असा स्वाध्याय त्यातून योजता येईल. बाजाराची वेळ सांभाळून शिकणाऱ्यांना ही लवचिकता मोलाची आहे. साक्षरतेच्या पहिल्या टप्प्यावर मात्र मूडल शिक्षकाच्या हाती असावे : पाठांची देवाणघेवाण आणि स्वयंसेवकांचे प्रशिक्षण यांसाठी. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. लेखन हाती आल्यावर, निरंतर शिक्षणाच्या टप्प्यावर, चर्चापीठ शिकणाऱ्याचे होऊ शकेल.

समारोप

आज्ञावली मुक्त असल्याने शिक्षण आपोआप मुक्त होत नाही. शिकणाऱ्याची वेळ, वाणी व व्यवहार यांना प्रणालीने जागा दिली, तरच ती रात्रीच्या शाळेची वारसदार ठरेल. अन्यथा तीही केवळ एक वास्तू उरेल.