सहाव्या अध्यायातील ध्यान आणि भक्ती

अमृताशी पैज घेणाऱ्या मराठी बोलाचा उल्लेख आम्ही स्नेहसंमेलनांतून, सभांतून आणि निबंधांच्या वह्यांतून इतक्या वेळा ऐकला व वाचला आहे की, तो आता कोणाचेच चित्त जागे करीत नाही. गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात आम्ही सहज पृच्छा केली की, ज्ञानेश्वरांनी ही प्रतिज्ञा कोणत्या प्रसंगी केली? वर्ग स्तब्ध राहिला. शिक्षकांच्या खोलीत हाच प्रश्न केला, तेव्हा दोघांनीच अचूक उत्तर दिले. ती प्रतिज्ञा ध्यानयोगाच्या, म्हणजे सहाव्या अध्यायाच्या उंबरठ्यावर केलेली आहे. महाराष्ट्राबाहेर वस्ती करून राहिलेल्या आम्हां मंडळींना ती ओवी ध्वजाप्रमाणे उभारण्याची सवय जडली आहे; त्यामुळे ध्वज ज्या भूमीत रोविला आहे ती भूमी पाहावयाचे राहून जाते.

आणि ती भूमी विलक्षण आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय इंद्रियांना आवरावयास शिकवितो. परंतु आरंभीच कवी सांगतो की, आपले बोल ऐकताना श्रोत्यांची इंद्रियेच आपसांत भांडू लागतील, कानांना जिभा फुटतील, शब्दांचा सुगंध घ्यावयास नाक पुढे सरसावेल. जे आवरावयाचे त्यालाच प्रथम मेजवानी! हा केवळ कविसुलभ विनोद आहे असे आम्हांस वाटत नाही. इंद्रियांचा रस कोरडा करून ध्यान साधत नाही, तो रस दुसरीकडे वळवावा लागतो, हे तत्त्व ज्ञानेश्वरांनी विवेचनाआधीच श्रोत्यांच्या अनुभवास आणून दिले आहे.

मूळ गीतेत या अध्यायाचे 47 श्लोक आहेत. ज्ञानेश्वरीत त्यांच्या सुमारे 500 ओव्या झाल्या. हा विस्तार कोठे झाला ते पाहावे. साधकाच्या स्थानाविषयी गीता शुचि देश, फार उंच वा सखल नसलेले आसन, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र एवढेच सांगते. ज्ञानेश्वर तेथे एक वनच उभे करतात. मुळापासून गोड असलेली, सदा फळणारी झाडे; पावलोपावली निर्मळ पाणी; ऊनही शीतळ. श्वापदांची दाटी नाही, पोपट नाहीत, भुंगे नाहीत. पाण्याजवळ हंस आणि दोनचार सारस असावेत, कधी एखादी कोकिळा येऊन बसली तरी चालेल; आणि मोर येत जात असतील तर त्यांनाही कवी नको म्हणत नाही. या मोरांवर आमचा विशेष लोभ आहे. नियम सांगता सांगता जो मोरांना सवलत देतो, त्याचा योग दंडुका घेऊन येणारा नाही, हे वाचकाने तेथेच ओळखावे.

परंतु आमच्या मते या अध्यायाचा प्राण याच्याही अलीकडे आहे. योगाचे रहस्य सांगण्यापूर्वी श्रीकृष्णाच्या मनात एक भीती उभी राहते. अर्जुनाचा अहंभाव गेला, तो मीच होऊन बसला, तर मी एकटा काय करू? डोळे भरून कोणास पाहू, तोंड भरून कोणाशी बोलू, मिठी कोणास मारू? गीतेच्या श्लोकांत याचा मागमूस नाही. हा भाग आम्ही वर्गात वाचून दाखविला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे देवालाच करमत नव्हते का?” याहून नेमके भाष्य आम्हांस एकाही टीकाग्रंथात आढळलेले नाही.

ही भीती ध्यानी ठेवून पुढील कुंडलिनीचे वर्णन वाचावे. नागिणीच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली ती शक्ती जागी होते, देहातील पृथ्वी आणि जळ गिळते, आणि देह नवा करते. आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंत आलेले हे नाथपंथीय धन आहे. गीतेने ते दिलेले नाही. काव्य म्हणून हा भाग दिपवितो. तथापि येथे भक्तीचा ओलावा काही काळ आटतो, हेही आम्ही नमूद करतो. ज्ञानेश्वरांनाही ते जाणवले असावे. कारण लागलीच त्यांचा अर्जुन विचारतो की, ज्यास योग्यता नाही त्याने काय करावे? योग्यता हा काही बाजारातला माल नव्हे, तिची कोठे खाण नाही, असे देव उत्तर देतो. दार पुन्हा सर्वांना उघडते.

बाराव्या अध्यायात तर हेच ज्ञानेश्वर अव्यक्ताच्या उपासनेस दात नसलेल्याने लोखंडाचे चणे खाण्याची उपमा देतात. यावरून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ते मूळचे भक्त, योग हा टीकाकाराचा नाइलाज. दुसरा म्हणतो, ते मूळचे योगी, भक्ती ही लोकांसाठी. दोन्ही पक्ष सहाव्याचा शेवट घाईने वाचतात. सर्व योग्यांत श्रद्धेने मला भजणारा श्रेष्ठ, असे गीतेचा शेवटचा श्लोक सांगतो. त्यावर ज्ञानेश्वरांचा देव त्या योग्याच्या प्रेमास उपमा शोधतो, आणि आपण देह व तो योगी आत्मा, असे म्हणून मोकळा होतो. अपेक्षित क्रम याच्या नेमका उलट असता. जो ध्यान करतो तो देवाचा आत्मा ठरतो. मग अशा ठिकाणी योग कोठे संपला आणि भक्ती कोठे सुरू झाली हे कोणत्या मापाने मोजावे?

जमखंडीस 1886 साली जन्मलेल्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध केला. त्यांच्या निंबर्गी परंपरेत नाम घेणे आणि ध्यान करणे ही दोन कामे नाहीत. नामाचेच ध्यान करावयाचे असते. सीमाभागातील आमच्या वाचकांना हे ऐकून तरी ठाऊक असेल. रानड्यांचे निष्कर्ष सर्वस्वी मान्य करावे असा आमचा आग्रह नाही. अनुभवाच्या पायऱ्या लावण्याच्या भरात ते कवीला क्वचित मागे सारतात. परंतु वरील दोन पक्षांतील भिंत त्यांच्याकडे नाही, एवढे खरे.

पाठ्यपुस्तकांच्या संपादकांना मात्र आमची एक विनंती आहे. अमृताच्या पैजेची ओवी पुन्हा छापाल तेव्हा तिच्यासोबत मोरांच्या आणि देवाच्या एकटेपणाच्या ओव्याही छापा. दोन्ही मिळून अर्धे पानही लागणार नाही.